सागवानी सवत

माझी सवत आमच्या परसात आडवी पडलेली असते. आमचे हे सकाळी चहाच्या आधी तिलाच बघायला जातात. अंगाला वारा लागतो का, ऊन चढलं का, वाळवी तर नाही ना! मी चुलीच्या धुरात डोळे पुसत असते, मला कुणी विचारत नाही.

सवत म्हणजे सागाच्या फळ्यांची थप्पी. खांडबाऱ्याचे बाकीचे सुतार लाकूड आणतात आणि जोडून मोकळे होतात. ह्यांचं तसं नाही, लाकूड आधी सावलीत सावकाश वाळलं पाहिजे. खाली विटा, त्यावर फळ्या, हवा खेळावी म्हणून दोन फळ्यांमध्ये पट्ट्या. पट्टी बरोबर पट्टीच्या डोक्यावर हवी, नाहीतर फळी वाकते म्हणे. टोकं तडकू नयेत म्हणून त्यांना शेणाचा लेप. आमचं छप्पर गळत होतं, पण घासलेटच्या डब्यांचे पत्रे गेले थप्पीवर.

बाजारातले मारवाडी शेट दुकानाच्या दारासाठी लाकूड मागायला आले. हे थप्पीपुढे आडवे उभे राहिले. "नही शेट, वली शे अजून." मी भांड्यांच्या मांडणीसाठी एकच फळी मागितली. मलाही तेच. "घाई करशी ते तडकी जाई."

शेजारच्या हमीदाबी म्हणाल्या, "आदमी पीता नहीं, मारता नहीं. कायको जलती तू?"

जळत होते खरी. फळीत ओल राहिली का ते हे गाल टेकवून बघत. माझ्या कपाळाला ह्यांचा कधी हात लागला नव्हता. मी मेले तर हे आधी फळ्या झाकतील आणि मग रडतील, अशी माझी खात्रीच होती.

मग मला हिवताप आला. ह्यांना आजारपणातलं काही कळत नाही. त्यांनी माझी खाट दाराशी आणली, पायांखाली विटा घातल्या, उन्हाकडे गोणपाट टांगलं, वाऱ्याची बाजू मोकळी ठेवली. "एकच आंगवर पडू नको," म्हणत मला कूस बदलायला लावायचे. फुटलेल्या ओठांना लोणी लावलं. ताप बघायला वाकले, ते गाल टेकवून तसेच बसून राहिले.

तेवढ्यात जंगलातून ताज्या फळ्यांची गाडी आली. "कोठे रचू?" गाडीवानानं दारातून विचारलं.

"टाकी दे कोठेबी," हे मागं न बघता म्हणाले. "घरमा बिमारी शे. माले येळ नही."

फळ्या भर उन्हात पडल्या. दुपारी त्या तडकू लागल्या, आवाज मला खाटेवर ऐकू येत होता. त्यांनाही येत असणार, पण ते उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी माझा ताप उतरला. तरी मी कण्हत पडून राहिले.