रज्जाकभाईंचा फळा

शाळा चौथीपर्यंतच झाली, म्हणून ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल. अक्षरही चांगलं नाही. दिवसभर भांडी धुऊन बोटं सुरकुततात, पेन धरवत नाही. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून रज्जाकभाईंचं लिहून ठेवते.

रज्जाकभाई काच दिसली की तिला टिचकी मारतात. सोलापुरातल्या आमच्या फार्मसी कॉलेजात ते स्टोअर सांभाळतात आणि मी प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुते. मुलाला बीकर देताना एक टिचकी, परत घेताना एक टिचकी. लांब टिंग असा आवाज आला की म्हणतात, "गाती हाय. जा घेऊन." बद्द आला तर, "आजारी हाय ही. बाजूला ठेव."

एकदा प्राचार्यांच्या खोलीत पाहुणे सरबत पीत होते. रज्जाकभाई सहीला गेले आणि पाहुण्यांच्या हातातल्या ग्लासला टिचकी मारून म्हणाले, "साहेब, दुसरा घ्या. ह्याचं काय खरं न्हाय." प्राचार्य लाल झाले. संध्याकाळी तोच ग्लास माझ्या हातात दोन तुकडे झाला.

स्टोअरच्या दाराशी त्यांचा एक काळा फळा आहे. काही फुटलं की त्याच दिवशी खडूनं लिहितात, 'दुःखद निधन. बीकर, अडीचशे मिली. वय दोन वर्षे. मागे पाच भाऊ. कारण : मोबाईल.' आणि खाली फोडणाऱ्याचं नाव. पोरं वाचून हसतात. एक जण म्हणाला, "चाचा, दहाव्याचं जेवण कधी?"

"हाय की. तुझ्या डिपॉझिटमधनं."

ते खोटं नव्हतं. ऑफिसातला क्लार्क फळ्यावरची नावं उतरवून घेतो आणि शेवटच्या वर्षी डिपॉझिट परत देताना तेवढे पैसे कापतो. रज्जाकभाईंनी कधी कुणाला सोडलं नाही. खुद्द सरांच्या हातून फ्लास्क फुटला, तर सरांचंही नाव लागलं.

अश्विनी म्हणून माढ्याकडची एक मुलगी शेवटच्या वर्षाला होती. शेवटच्या प्रॅक्टिकलला तिनं कंडेन्सर फोडला. कंडेन्सर म्हणजे वाफ गार करायची लांब दुहेरी नळी. त्यात गार पाणी आधी सोडायचं असतं. ती घाबरून विसरली, नळी तापली, आणि मग आठवलं तसा तिनं एकदम नळ सोडला. तडकन गेली. बीकरसारखी ती स्वस्त नसते.

अश्विनी माझ्या सिंकपाशी येऊन रडायला लागली. "मावशी, भवानी पेठेतल्या मेडिकलवाल्यानं नोकरी द्यायचं कबूल केलंय. पर आधी नोंदणीचा फॉर्म भरून ये म्हणतोय. त्या डिपॉझिटवरच भरणार होते की. घरी कुठल्या तोंडानं मागू?"

मी नळ बंद केला, एवढंच.

रज्जाकभाई आले. तुकडे गोळा केले. आता टिचकी मारण्यासारखं काही राहिलं नव्हतं. "गेली," म्हणाले आणि स्टोअरमध्ये गेले. मी संध्याकाळपर्यंत फळ्याकडे बघत होते. फळा कोराच होता. दुसऱ्या दिवशीही कोरा. मला वाटलं, खडू संपला असेल.

रविवारी मी नवी पेठेत बांगड्या भरायला गेले होते. मागच्या गल्लीत प्रयोगशाळेच्या सामानाचं दुकान आहे. तिथून ओळखीचा आवाज आला, टिंग. दुकानदार वैतागून म्हणत होता, "चाचा, चार झाले. आता एक तरी घ्या की!"

"थांब की रे. गळा बसलेला नक्को मला."

पाचवा त्यांना पसंत पडला. खिशातले पैसे देऊन ते वळले आणि मला बघून दचकले. "सुमनबाई, तुमी मला बघितलं न्हाय."

मी मान हलवली. काहीतरी बोलावं म्हणून शेजारच्या दुकानात मांडलेल्या काचेच्या कपबश्या दाखवल्या. "घरी न्यायला एखादी बघा की, भाई."

"घरी सगळं स्टील हाय. काच व्हती ती बायकोच्या हातात, ती व्हती तवर." माझ्या नव्या बांगड्यांकडे त्यांचं लक्ष गेलं. बोट जरा उचललं आणि परत खिशात घातलं. "आता वाजवायला कॉलेजातच."

मग कंडेन्सर तान्ह्या मुलासारखा छातीशी धरून रिक्षात बसले.

डिपॉझिट परत द्यायच्या दिवशी मी ऑफिसचा व्हरांडा पुसत होते. अश्विनीच्या पुढच्या दोन पोरांचे पैसे कापले गेले. तिची पाळी आली. क्लार्कनं नोटा पुढे सरकवल्या, तर ही खुळी म्हणते, "सर, माझ्याकडनं एक कंडेन्सर..."

"ए पोरी! खिडकीच्या काचेला टेकू नक्को!" मागून रज्जाकभाई ओरडले. सगळे दचकले.

क्लार्कनं विचारलं, "कसला कंडेन्सर, चाचा?"

"सगळे जागेवर हायेत. आणून वाजवून दाखवू?"

"नको बाबा," क्लार्क घाईनं म्हणाला. "फळ्यावर हिचं नाव नाही. घे गं."

अश्विनी मागे वळून बघत राहिली. रज्जाकभाई खिडकीच्या काचेला टिचकी मारून ऐकत होते.

"मोजून घे," ते तिच्याकडे न बघता म्हणाले.

तिनं मोजले. पूर्ण होते.