लॅकरचा तिसरा थर

रात्रपाळी संपवून सिस्टर घरी आल्या तेव्हा त्यांना दोनच गोष्टी हव्या होत्या. चहा आणि झोप. फाटकातच त्यांना भेटला तो वास. नेलपॉलिश, पिकलेली केळी आणि पेट्रोलपंप एकत्र वाटल्यावर येईल तसला.

वासाच्या मागे त्या गॅरेजपर्यंत गेल्या. शटर अर्धं वर होतं. आत त्यांचे यजमान बनियनवर, उकिडवे बसून एका डब्यात काठीने काहीतरी ढवळत होते. शाळेत चित्रकला शिकवत असल्यामुळे त्यांना सगळे 'मास्तर' म्हणत. नाकाला चौकडीचा रुमाल बांधलेला. शेजारी वर्तमानपत्रांत गुंडाळलेली गाडी, तिच्या मागच्या दाराचा पत्रा तेवढा मोकळा.

"अहो! हे काय चाललंय?"

मास्तर दचकले. "तू आलीससुद्धा? नऊला येतेस ना रोज?"

"म्हणजे मी नऊला येते, म्हणून आठला हे उद्योग!"

गाडी सिस्टरांच्या थोरल्या भावाची, दादाची होती. तीन आठवडे तो प्रवासाला गेला होता. जाताना किल्ली मास्तरांच्या हातात देऊन म्हणाला होता, "नुसती उभी ठेवू नका, बॅटरी उतरते. रोज एक चक्कर मारा." चार दिवसांपूर्वी सिस्टरांना मागच्या दारावर वीतभर ओरखडा दिसला. मास्तरांनी शपथा घेतल्या. "मी नाही गं आपटली!"

"मग काय, गाडी स्वतः जाऊन आपटून आली?"

गाडी एकटे मास्तरच चालवत होते, आणि फाटकाचा खांब व पेपरवाल्याची सायकल ही दोन जुनी प्रकरणं त्यांच्या नावावर होतीच. निकाल पहिल्याच सुनावणीत लागला. दोन दिवस मास्तर भांडले. तिसऱ्या दिवशी त्यांना भाजीबाजाराजवळची एक सिमेंटची कुंडी अंधुक अंधुक आठवायला लागली. चौथ्या दिवशी ते स्वतःच पॉलिश पेपर घेऊन आले. दादा आज संध्याकाळी येणार होता.

"ओरखडा भरला, रंग मारला, सुकला," मास्तर घाईघाईने सांगू लागले. "बघ, रंग कसा जुळलाय! आता वरून चमक आली की झालं. लॅकर. दोन भागांचं असतं. हे लॅकर आणि हे हार्डनर. दोन्ही मिसळलं की काचेसारखं कडक होतं."

"बघू तो डबा."

सिस्टरांनी हार्डनरचा डबा उजेडात धरला. बारीक अक्षरं वाचता वाचता त्यांच्या नाकपुड्या फुलत गेल्या. सतरा वर्षं त्या छातीच्या वॉर्डात होत्या. डब्यावर जे छापलं होतं ते त्यांच्या वॉर्डात नऊ नंबरच्या बेडवर निजलेलं होतं. पन्नाशीचा माणूस, गाड्यांना हेच मारायचा. आता जिना चढायचा म्हटलं तर मध्ये दोनदा बसायचा.

"हे मारताना जे धुकं उडतं ना, ते फुप्फुसात जातं," त्या म्हणाल्या. आवाज हळू होता, म्हणजे राग पार टोकाला पोचला होता. "आणि एकदा का ते अंगाला बाधलं, की पुढे आयुष्यभर नुसत्या वासानेही दम लागतो. आणि तुम्ही रुमाल बांधलाय! रुमाल! त्यातून साधी फोडणीची खाट अडत नाही!"

"पाच मिनिटांचं तर काम आहे…"

"पाच मिनिटांतच होतं ते! फेका तो डबा."

मास्तरांनी ढवळणारी काठी बाहेर काढली. काठीवरून चकचकीत थेंब ओघळला. "मिसळून झालंय," ते पडेल आवाजात म्हणाले. "आता दोन तासांत मारलं नाही तर डब्यातच दगड होणार. दुकान आज बंद. आणि तुझा दादा संध्याकाळी."

दादाचं नाव निघताच सिस्टरांच्या डोळ्यांसमोर दादाचा चेहरा आला. हा दादा काहीच बोलत नसे. तो नुसता गाडीभोवती फेरी मारत असे, आणि मग पुढची दहा वर्षं प्रत्येक लग्नकार्यात गंमत म्हणून सांगत असे.

त्यांनी पर्स खाली आपटली. "आधी बाहेर व्हा! डब्यावर झाकण ठेवा. रंगाऱ्याला फोन लावते."

रंगारी म्हणजे मागच्या गल्लीत गाड्या रंगवणारा. अर्ध्या तासाने तो आला. सोबत कॉम्प्रेसर, रंग फवारायची गन आणि एक मोठं खोकं. खोक्यात डोक्यापासून खांद्यापर्यंत झाकणारा मुखवटा होता. त्याला लांब नळी, आणि नळीच्या टोकाला ताजी हवा ओढून आत ढकलणारं छोटं यंत्र. यंत्र लांब मोकळ्या हवेत ठेवायचं, म्हणजे आतल्या माणसाला बाहेरचा श्वास मिळतो. मुखवट्यावर अजून कंपनीचं प्लास्टिक होतं.

"हे तुम्ही वापरत नाही?" सिस्टरांनी विचारलं.

"कशाला, ताई? वीस वर्षं मारतोय लॅकर. नाकाला फडकं बांधलं की झालं. काय झालंय मला?" एवढं बोलून रंगारी खोकायला लागला. खोकला जवळजवळ पाऊण मिनिट चालला. शेवटी त्याने भिंतीला हात टेकला.

सिस्टरांनी पर्समधून स्टेथोस्कोप काढला.

"अहो ताई, मी गाडी रंगवायला आलोय…"

"वळा! श्वास घ्या. सोडा. परत घ्या. ही कधीपासून शिट्टी वाजतेय छातीत? आणि बायको काय करते तुमची, ऐकत बसते? उद्या सकाळी सातला वॉर्डात यायचं. एक्सरे काढायचा. आला नाहीत तर मी घरी येईन! आणि आज गनला हात लावायचा नाही."

"मग मारणार कोण?"

दोघांनीही मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी मुखवटा चढवला. यंत्र सुरू झालं. काचेमागे त्यांचे डोळे क्षणोक्षणी मोठे होत गेले, आणि दहा मोजायच्या आत त्यांनी दोन्ही हातांनी मुखवटा उपटून काढला.

"श्वास कोंडतो गं यात!"

"कोंडतो? अहो, श्वासाचंच यंत्र आहे ते!"

"लिफ्टमध्येसुद्धा होतं मला असं. तुला माहीत आहे."

सिस्टरांना माहीत होतं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि ते दोघं बावीस वर्षं सगळीकडे जिन्यानेच जात होते. रंगाऱ्याला त्यांनी स्वतःच छातीपायी बाद केलं होतं, यजमान लिफ्टपायी बाद झाले. कॉलेजात जाणारी मुलगी मोबाइल घेऊन दारात उभी होती. आईने तिच्याकडे बघताच तिने मोबाइल खिशात घातला आणि म्हणाली, "माझ्याकडे बघू नकोस, मला सर्दी आहे." आवाज ऐकून बाहेर आलेल्या सासूबाईंनी तर विचारायच्या आधीच मान हलवली.

घड्याळात सव्वानऊ झाले होते. रात्रभर जागलेल्या, चहा न प्यालेल्या सिस्टरांनी दात ओठ खात रंगाऱ्याचा अंगभर डगला चढवला, हातमोजे घातले आणि हुकूम सोडायला सुरुवात केली.

"कॉम्प्रेसर बाहेर! मागची खिडकी उघडी, शटर पूर्ण वर! जमिनीवर पाणी शिंपडा, धूळ उडता कामा नये. गॅरेजमधला फ्रीज बंद. दिवा लावायचा की नाही ते आताच ठरवा, मध्येच बटण दाबायचं नाही. एक ठिणगी उडाली की संपलं. आई, मी बाहेर येईपर्यंत गॅस पेटवायचा नाही!"

"म्हणजे माझा चहा…"

"नाही म्हणजे नाही!"

सासूबाई पुटपुटत आत गेल्या. मास्तरांनी हवेचं यंत्र मागच्या अंगणात, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली नेऊन ठेवलं. "इथे हवा छान आहे," ते म्हणाले. रंगाऱ्याने गॅरेजबाहेर, वारा येतो त्या बाजूला उभं राहून हात कसा फिरवायचा ते दाखवलं. "हात थांबवायचा नाही, ताई. सरळ जायचं, सरळ यायचं. पहिला थर हलका. दहा मिनिटं थांबायचं. दुसरा ओला. बस, दोनच. तिसरा द्यायचा नाही, ओघळ येतात."

"मारून झालं की लगेच बाहेर?"

"नाही नाही. धुकं पार निघून जाईपर्यंत मुखवटा काढायचा नाही."

मुखवटा डोक्यावर बसला आणि जग एकदम बंद झालं. कानात फक्त यंत्राची मंद घरघर. सिस्टरांनी गन उचलली आणि मनातला सगळा राग बोटात आणून दाबली. पांढुरकं धुकं उठलं. त्या दारावरून हात फिरवू लागल्या, आणि सोबत तोंडही सुरू झालं. "कुंड्या दिसत नाहीत, खांब दिसत नाहीत, चित्रकला शिकवतात! आणि तो रंगारी, वीस वर्षं फडकं बांधतोय!"

पण इथे काहीतरी विचित्र घडलं. एक शब्दही बाहेर गेला नाही. प्रत्येक शब्द मुखवट्यातच घुमला आणि त्यांच्याच कानावर येऊन आदळला. आयुष्यात पहिल्यांदा सिस्टरांना स्वतःचं ओरडणं पूर्ण ऐकावं लागलं. त्या जरा चपापल्या. नंतरचं वाक्य त्यांनी थोडं खाली आणलं.

पहिला थर झाला. दहा मिनिटं थांबायचं होतं. तेवढ्यात मुखवट्यात जळका वास आला. करपलेल्या दुधाचा! बाहेर कुणाला पत्ता नव्हता. सासूबाईंनी गुपचूप गॅस पेटवला होता, दूध उतू जाऊन करपलं होतं, आणि खिडकीखालचं यंत्र तो धूर इमानेइतबारे ओढून थेट सुनेच्या नाकात पोचवत होतं.

"दूध!" सिस्टर ओरडल्या. "गॅस बंद करा! आई!"

बाहेर मास्तरांना फक्त हात उडताना दिसले. त्यांना वाटलं, पहिला थर छान जमलाय. त्यांनी अंगठा वर केला. मुलीने व्हिडिओ काढायला घेतला. रंगारी ओरडून सांगत होता, "हात खाली ठेवा, ताई, नळी अडकेल!" सिस्टरांनी शेवटी नळी मागे ओढत, डगल्यासकट, थेट शटरबाहेर येऊन मास्तरांच्या छातीवर बोट ठेवलं आणि मग स्वयंपाकघराच्या दिशेने रोखलं. मास्तर पळत गेले. आतून त्यांचा आणि त्यांच्या आईचा आवाज आला असावा. सिस्टरांना तो ऐकू आला नाही. रंगाऱ्याने यंत्र उचलून दूर फाटकाजवळ नेलं, मुखवट्यात पुन्हा चांगली हवा आली, आणि त्या आत परतल्या.

दुसरा थर मारताना त्यांच्या लक्षात आलं की हात आपोआप फिरतोय. सरळ जाणं, सरळ येणं. पत्र्यावर ओली चमक पसरत होती आणि तिच्यात गॅरेजची खिडकी स्वच्छ उमटत होती. कुणी हाक मारत नव्हतं. कुणाला मोजे सापडत नव्हते की नाही, ते कळायला मार्ग नव्हता. त्यांनी खांदे सैल सोडले. दुसरा थर संपला तेव्हा गनवरचं भांडंही रिकामं झालं. दार इतकं सुंदर दिसत होतं की बाकीची गाडी त्याच्यापुढे जुनी वाटत होती.

त्या वळल्या तर शटरच्या बाहेर दादा उभा होता.

संध्याकाळचा माणूस सकाळीच येऊन टपकला होता. हातात बॅग. मास्तर त्याच्यासमोर मान खाली घालून, हातवारे करत काहीतरी सांगत होते. गुन्हा कबूल करत असणार. कुंडी हातांनी दाखवत होते. दादाने भुवया वर केल्या, गाडीकडे बघितलं, आणि एकदम हसायला लागला. मग त्याने मास्तरांच्या पाठीवर थाप मारली, खूप वेळ काहीतरी सांगितलं आणि स्वतःच्या डोक्यावर टपली मारून घेतली. मास्तरांची मान हळूहळू वर आली. पाठ ताठ झाली. त्यांनी हाताची घडी घातली.

सिस्टरांनी काचेआडून 'काय?' अशी खूण केली.

मुलीने मुखवट्याच्या खोक्याचं झाकण फाडलं, त्यावर मार्करने मोठमोठ्या अक्षरांत लिहिलं आणि लांबूनच उंच धरलं.

'मामा म्हणतो ओरखडा त्याचाच. गाडी द्यायच्या आदल्या दिवशी आपटली. आपल्याला सांगायचं राहून गेलं.'

सिस्टरांनी ते दोनदा वाचलं. मास्तर हाताची घडी घालून, अगदी शांतपणे, सावकाश होणाऱ्या गोष्टीची वाट बघावी तसे उभे होते. शेजारी सासूबाई, रंगारी, मुलगी आणि दादाही उभे होते. सगळे सिस्टर काय बोलतात ते ऐकायला थांबले होते.

धुकं केव्हाच विरलं होतं. रंगाऱ्याने 'आता काढा' अशी खूण केली.

सिस्टरांनी मुखवट्याकडे नेलेला हात मध्येच थांबवला. मग एक बोट वर केलं. अजून एक थर. रंगारी दोन्ही हात हलवून नको नको म्हणत होता, पण त्या गाडीकडे वळल्या होत्या. त्यांनी गन दाबली. नुसती हवा फुसफुसली. तरी त्या सरळ जात राहिल्या, सरळ येत राहिल्या, आणि शटरबाहेरूनही दिसेल इतक्या काळजीने तो तिसरा थर देत राहिल्या.