कोंडाबाई पारखीण आणि विटांच्या गादीची हकीगत

जेथे जेथे लहान हात काही रचीत असतील, त्या हातांस प्रथम नमन. मग खरे बोलणाऱ्या जिभेस नमन, आणि मग हकीगत.

शके अठराशे एकोणसाठ, ईश्वरनाम संवत्सरी, एका मुलखात भिकाजी नामे सुतार होते, ते लाकडाचे घोडे, गाड्या आणि भोवरे करीत. त्यांचा कारखाना एकदा जळाला, मग त्यांणी तो उभा केला, आणि मग दुसऱ्यांदा जळाला, तेव्हा ते राखेत उभे राहून बोलिले की लाकूड पुरे जाहले. मग परमुलखातून यंत्र आणविले, त्यात प्लास्टिकचे दाणे ओतावे आणि खालून बोटाएवढी वीट निघावी, वर आठ गुंड्या, पोट पोकळ. त्या विटेवर वीट राही, परंतु उचलली की सुटे. भिकाजी निवर्तले आणि पुत्र रायाजी गादीवर आले, त्यांणी शके अठराशे ऐंशी, विलंबीनाम संवत्सरी, विटेच्या पोटात तीन नळ्या घातल्या, आणि वीट विटेला अशी धरू लागली की उलटी करून झटकली तरी सुटेना. ते दिवसापासून लोक कारखान्यास राज्य आणि रायाजींस राजे म्हणू लागले, आणि रायाजींनी कायदा केला की या राज्यात जे धरील ते आपले, न धरील ते परके, आणि आजच्या विटेने शंभर वर्षांनंतरच्या विटेसही धरले पाहिजे. या कायद्याची राखण त्यांणी धाकटी बहीण कोंडाबाई हिजकडे दिली. साच्यातून माल निघाला की बाईंनी दोन विटा घ्याव्या, अंगठ्याने दाबाव्या, टक असा आवाज ऐकावा, आणि ‘धरली’ किंवा ‘नाही धरली’ एवढेच बोलावे. नाही म्हणाल्या तर सगळा माल पुन्हा वितळावयास जाई, आणि खुद्द राजाचाही इलाज चालत नसे.

मग मोहिमा सुरू जाहल्या. पहिली मोहीम नगराची, त्यात घरे, दवाखाना आणि आगीचा बंब. मग किल्ल्याची, मग समुद्रचाच्यांची, मग अंतराळाची, आणि तान्ह्या मुलांसाठी तोंडात न जाणाऱ्या थोर विटांची, आणि जाणत्यांसाठी चाके व दात्यांच्या यंत्रविटांची. जी जी मोहीम निघाली ती ती फत्ते पावली. नगरात राहावयास माणसे पाहिजेत म्हणून अंगठ्याएवढी पिवळी माणसे केली, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके आणि सर्वांस एकच हसू. राजाचे तख्तही विटांचेच बांधिले, वरच्या गुंड्या टोचू नयेत म्हणून त्यावर गिरदी घातली.

पुढे रायाजीही गेले आणि त्यांचे पुत्र निंबाजी राजे जाहले. कोंडाबाईंनी त्यांस मांडीवर वाढविले होते. शके एकोणीसशे पंचवीस, सुभानुनाम संवत्सरी, दुपारी लोक जेवून परतले तो कारखान्यात विटांचे रचून मांडलेल्या नमुन्याच्या नगराच्या वेशीत एक पिवळे माणूस उभे, त्यास डोळे नाहीत, हसू नाही, तोंड कोरे. साचेवाले म्हणाले आमच्या कोणत्याही साच्यातले नव्हे. एक साचेवाला म्हणाला की न हसणारा आपल्याकडे एकटे दिवाणजीच, तेव्हा त्यांचीच मूर्ती असावी. दिवाण गिरमाजीपंत हसले नाहीत. बाईंनी ते माणूस किल्ल्यावर दाबले, गलबतावर दाबले, अंतराळाच्या यानावर दाबले, सर्वत्र टक वाजले, आणि बाई बोलल्या, ‘धरले.’ म्हणून ते आपले ठरले.

दुसरे दिवशी जेवून येतात तो ते नगराच्या बुरुजावर. तिसरे दिवशी दरबाराच्या पायरीवर. निंबाजींनी ते वितळविले, आणि चौथे दिवशी ते तख्तावर, गिरदी बाजूस पडलेली आणि त्याचे पाय गुंड्यांत घट्ट. पहाऱ्यावर माणसे होती, त्यांणी काही पाहिले नाही. मग गिरमाजीपंतांनी हळूच कायदा काढिला की तख्ताने ज्यास धरिले तो तख्ताचा. लोक कुजबुजू लागले, आणि कोरे तोंड सर्वांकडे एकदम पाहते असे ज्यास त्यास वाटू लागले.

निंबाजी आत्याकडे गेले आणि म्हणाले, ‘आत्या, तू एवढे म्हण की त्याला तख्ताने धरले नाही.’

बाई म्हणाल्या, ‘निंबा, ते मी दाबून पाहिले आहे. आज तुझ्यासाठी खोटे बोलले तर उद्या मुलाच्या हातातल्या विटेला कोण मानेल?’

राजे रागास आले आणि म्हणाले की मग मलाच तख्तावर दाबून पाहा, ते मलाही धरते की नाही. भर दरबारात ते गुंड्यांवर बसले, कोरे माणूस शेजारीच उभे. बाई म्हणाल्या की महाराज, धरलेली वीट आपण होऊन सुटत नाही, दुसऱ्याने काढावी लागते. राजे म्हणाले, तू आहेस ना काढायला. मग बाईंनी दोन्ही अंगठे त्यांच्या खांद्यांवर ठेविले आणि दाबले, आणि टक वाजले.

कोरे माणूस आपोआप सुटून खाली पडले. दरबाराने जयजयकार केला. राजे उठू गेले तो उठवेना. आधी हसले, मग चार जणांनी ओढिले, मग विटा सोडवावयाची पाचर आणिली, तिला शिरावयास फट सापडेना, मांडी कोठे संपते आणि तख्त कोठे सुरू होते हे कळेना. पायांस मुंग्या होत्या त्याही गेल्या. तीन दिवसांत त्यांची कातडी गुळगुळीत जाहली, ओठ वर वळून तसेच राहिले, आणि त्यांस जेवण भरविता येईना. डोळे मात्र आत्याच्या मागे फिरत.

गिरमाजीपंतांस हे वाईट वाटले नाही. न उठणारा, न बोलणारा, सदा हसणारा राजा त्यांस सोयीचा होता. त्यांणी दरबार भरवून म्हटले की पारखिणीने निवाडा सांगावा, ‘धरले’ म्हणताच राजे कायमचे तख्ताचे, मग करवत लावणे राजद्रोह. न धरले असतील तर तख्त कापून त्यांस काढू, परंतु मग ते राजे नव्हेत. आणि हेही म्हटले की बाईंनी आजवर खोटे सांगितले नाही, हे सर्वांस ठाऊक आहेच.

बाई तख्ताजवळ गेल्या. अंगठा राजाच्या गुडघ्यावर ठेविला. राजाचे हसू तसेच होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होते.

बाई म्हणाल्या, ‘नाही धरले.’

पंतांनी विचारिले, ‘बाई, खरे का?’

‘माझा शब्द आहे. उतरवा त्याला.’

करवत आणावी लागली नाही. प्रथम नमुन्याच्या नगरातील बंबाची शिडी सुटली. मग किल्ल्याचा बुरुज, मग गलबतांच्या डोलकाठ्या, आणि आवाज काही मोठा नव्हता, कोणी दाणे निवडावे तसा. मग तख्त ढासळले आणि निंबाजी विटांच्या ढिगात पडून ओरडले की पाय दुखतो. बाईंनी त्यांस उठविले, आणि ती दोघे चालत बाहेर गेली. मुलखातल्या घराघरांत त्याच घटकेस मुलांचे किल्ले आणि गाड्या मुकाट्याने सुट्या जाहल्या. ढिगात कोरे माणूस पुष्कळ शोधिले, मिळाले नाही.

येणेप्रमाणे राज्य तीन पिढ्या चालले आणि एका शब्दाने गेले. विटा अजून घरोघरी आहेत, मुले त्या एकावर एक ठेवितात, त्या राहतात, धरीत नाहीत. निंबाजी थोडे लंगडतात. बाईंस कोणी विचारिले तर त्या सांगतात की त्या दिवशी आपण खोटे बोललो.