पन्नास किलोचा बिबट्या

परसात बिबट्या येतो ही बातमी मन्मथप्पांनी गावभर केली, तेव्हा बिबट्या त्यांनी फक्त केबलवर पाहिला होता. धारूरजवळच्या त्या गावात केबल येऊन चारच महिने झाले होते. पण आप्पांना बिबट्या लागत होता तो निराळ्याच कामाला. हापशाकडे जाणारी पायवाट त्यांच्या परसातून, थेट संडासाच्या दारावरून जायची आणि पंचवीस वर्षं गावच्या बायका तिथून पाणी नेत होत्या. आता आप्पांना धान्याच्या आडतीच्या जोडीला थंड पेयांची एजन्सी मिळणार होती. गोदामाला तीच जागा हवी होती. वाट अडवायला भिंत घालायची म्हणून विटासुद्धा येऊन पडल्या होत्या.

आठ दिवस वाट ओस पडली. नवव्या दिवशी वळसा घालून घालून वैतागलेली छबुबाई रिकामी घागर घेऊन आडतीसमोर उभी राहिली.

"आप्पा, बोकडं समदी आमच्या गल्लीत हायती. मग बिबट्याला तुमचंच परस कावून आवडलं?"

"त्यालाच इचार," आप्पा म्हणाले.

छबुबाईने ग्रामसभेला विचारलं. सभेने ठराव केला की वनखात्याचा कॅमेरा परसात लावायचा. बिबट्या निघाला तर आप्पांनी खुशाल भिंत घालावी. नाही निघाला तर वाट कायमची, आणि त्याच विटांचा हापशाला ओटा बांधायचा.

वनरक्षक सुग्रीवने बीडहून कॅमेरा आणून लिंबाला बांधला आणि वाटेवर वीतभर उंचीवर तार ताणली. "तारंला धक्का लागला की फोटो निघतोय. सोमवारी रोल न्यायला येतो," एवढं सांगून तो गेला. तारेला ज्याचा पाय लागेल त्याचाच फोटो निघतो, असा आप्पांनी त्याचा अर्थ घेतला.

तीन दिवसांत तारेला दोन मांजरं अडखळली आणि चार वेळा आप्पांची बायको गंगासागर. सोमवार जवळ आला तशी आप्पांच्या तोंडची चव गेली. विटा जाणार, गोदाम जाणार, आणि वर गावभर छीथू. शेवटी रविवारी पहाटे त्यांनी बिस्किटं दाखवून छबुबाईचा पिवळा कुत्रा खंड्या परसात आणला. सोबत पोत्यांवर वजन छापायची काळी शाई आणि '५० किलो'चा कोरलेला पत्रा. त्यातल्या शून्यावरून शाईचा बोळा फिरवला की अंगावर बिबट्यासारखी गोल कडी उमटायची.

"अवो, कुत्र्यावर काय छापायलाव?" गंगासागरने दारातून विचारलं.

"गप ऱ्हा. बिबट्या हाय त्यो."

ठिपके झकास उमटले. एकदा खंड्या हलला आणि शून्याशेजारी पाचही उठला, पण तेवढं पहाटेच्या अंधारात खपेल असं आप्पांना वाटलं. पंचाईत पुढे झाली. तारेजवळ येताच खंड्याने शेपूट पोटात घातलं. आप्पांच्या पाठीमागे असलेल्या परसाच्या जुन्या भिंतीकडे बघत तो थरथर कापायला लागला. कुत्र्याला फोटोचं भय वाटतं आहे अशी समजूत करून घेऊन आप्पांनी त्याला मानगुटीला धरून फरफटत तारेवर नेलं. लख्ख उजेड पडला. खंड्या जो सुटला तो थेट छबुबाईच्या घरात.

चार दिवसांनी सुग्रीव धुतलेले फोटो घेऊन ग्रामपंचायतीत आला. शेवटचा फोटो हातोहात फिरला आणि सभा हसून हसून आडवी झाली. फोटोत ठिपक्यांचा खंड्या होता, त्याच्या बरगडीवर ठळक '५०' होते, आणि मानगूट धरून ओणवे झालेले आप्पाही होते.

"ह्यो आमचा खंड्या," छबुबाई म्हणाली. "तीन डाव घासला तरी शाई निघना. आप्पा, तुमीबी झ्याक आलाव."

सुग्रीव मात्र हसत नव्हता. त्याने फोटोच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हे माघं बसलंय ते कुणाचं हाय?"

आप्पांच्या पाठीमागे, चार हातांच्या अंतरावर, परसाच्या भिंतीवर खराखुरा बिबट्या बसला होता. शेपूट खाली सोडून तो आप्पांचा उद्योग निवांत बघत होता. सगळी सभा फोटोभोवती गोळा झाली. आप्पांनी फोटो हातात घेतला आणि बिबट्यापासून आपल्या पाठीपर्यंतचं अंतर बोटांनी मोजलं.

सरपंच उत्तरेश्वर खाकरले. "ठराव म्हंजी ठराव. बिबट्या निघाला, आप्पा. घाला भिंत."

"भिंत?" आप्पांनी फोटो सरपंचांपुढे धरला. "आन् आत संडासाला मी एकट्यानं जायाचं?"

भिंतीचा विषय तिथेच संपला. उलट, बायकांनी परत परसातून यावं म्हणून विटा आप्पांनी आपण होऊन हापशाच्या ओट्याला दिल्या, आणि परसात दिवाही लावून दिला.

आता रोज दिवस उगवायच्या आधी मन्मथप्पा मागच्या दारात टमरेल घेऊन उभे असतात. घागरींचा आवाज आल्याशिवाय त्यांचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नाही. परवा छबुबाई एकटीच आली आणि परसाच्या तोंडाशीच घागर टेकवून बसली.

"चल की लवकर, छबू," आप्पा कळवळून म्हणाले.

"जरा दम धरा. बाया येऊ द्या," छबुबाई म्हणाली. "एकटीदुकटीनं न्हाई येत आमी. तुमच्या परसात बिबट्या असतोय, तुमीच सांगिटलंय."

आप्पा एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत उभे राहिले.