उंच आणि शांत हवा!

कॉम्प्युटरसाठी कूलर निवडायला अक्कल लागते आणि ती माझ्याकडे आहे, असं मी गेल्या उन्हाळ्यापर्यंत चारचौघांत छाती पुढे काढून सांगत असे. ताइपेत माझं चष्म्याचं दुकान आहे. समोरच्याच्या दोन बुबुळांमधलं अंतर मी नुसत्या नजरेनं सांगतो! ज्याला बुबुळं मोजता येतात त्याला एक पंखा निवडता येणार नाही?

कूलर म्हणजे खिडकीत ठेवून पाणी ओततात तो नव्हे हं! कॉम्प्युटरच्या पोटात प्रोसेसर असतो, त्याचं डोकं तापू नये म्हणून त्याच्यावर पातळ पत्र्यांचा गठ्ठा आणि पंखा बसवतात, तो हा. गठ्ठा जितका उंच, तितका पंखा शांत! आमच्या घरचा कूलर म्हातारा झाला होता. कॉम्प्युटर सुरू केला की असा घरघरायचा, जणू टेबलाखाली कुणी पिठाची गिरणी टाकलीय!

आता तुम्ही म्हणाल, घरघरेना का! पण माझी बायको पेई-शान रेडिओसाठी लहान मुलांच्या गोष्टी वाचते. आमच्या ताइवानी बोलीत, घरच्या घरी, त्याच कॉम्प्युटरवर. तिनं हळुवार आवाजात "आणि मग छोटं कासव झोपी गेलं..." म्हणावं आणि मागे घर्रर्र! रेडिओच्या निर्मात्या बाईंनी शेवटी स्वच्छ सांगितलं, "कासव गिरणीत झोपलंय का? महिनाअखेरपर्यंत हा आवाज गेला नाही तर गोष्टी दुसऱ्या कुणाला तरी द्याव्या लागतील."

पेई-शान त्या दिवशी जेवली नाही. मी मनाशी ठरवलं, हिला न सांगता असा कूलर आणायचा की हिनं बघतच राहावं!

इथे सासऱ्यांची ओळख करून द्यायला हवी. यान तेंगफा, म्हणजे आमचे बाबा. सासूबाई गेल्यापासून आमच्याकडेच असतात. उभा जन्म त्यांनी बस चालवली, तीही इंजिनाला मांडी लावून. त्यामुळे ते साधं "मीठ दे" म्हणाले तरी वाटतं, मागच्या दारातल्या प्रवाशाला उतरायला सांगताहेत! तापटही आहेत. पण मन लोण्याचं. रोज सकाळी माझ्यासाठी सोयाबीनचं गरम दूध आणि वाफवलेले पाव घेऊन येतात आणि "खा रे वेन-चिन! हाडं दिसतात तुझी!" हे अख्ख्या मजल्याला ऐकवतात.

तर त्या दिवशी मी बाल्कनीत वाळत घातलेल्या कपड्यांच्या आड उभं राहून कॉम्प्युटरच्या बाजारातल्या शिया बाईंना फोन लावला. शेजारच्या खिडकीआड, स्वयंपाकघरात, बाबा दुधी सोलत बसले होते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पलीकडून शिया बाई काय बोलत होत्या ते त्यांना ऐकू जाणं शक्य नव्हतं. माझा मात्र शब्दन् शब्द ऐकू गेला. आणि मी काय बोललो असेन?

"जुना फार तापतो हो! जरा काही झालं की तापलाच!... आवाज? विचारू नका! शेजारीपाजारी वाकून बघतात!... छे, दुरुस्ती कसली? वय झालं त्याचं. आणखी किती दिवस सांभाळायचा?... नाही, पेई-शानला यातलं काही माहीत नाही. शनिवारी ती बाहेर गेली की गुपचूप जुन्याला काढतो आणि नवा आणून बसवतो!... मला उंच हवा. उंच आणि शांत!... जुन्याचं काय करायचं? कुणी नेत असेल तर नेऊ दे, नाहीतर आहेच कचऱ्याची गाडी!"

शेवटी शिया बाईंनी विचारलं, "उंच कूलर मावायला कॅबिनेटची रुंदी मोजलीत ना?"

"अहो बाई, बुबुळं मोजतो मी!" असं म्हणून मी ऐटीत फोन ठेवला.

त्या संध्याकाळी जेवताना बाबा चक्क कुजबुजले. "मीठ... जमलं तर दे."

पेई-शानच्या हातातल्या काड्या खाली पडल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टीव्हीचा आवाज बंद करून कुस्ती बघितली. उकाड्यानं जीव जात असताना पंखासुद्धा लावला नाही, का तर तो फिरताना कुरकुरतो! सारखं बार्लीचं गार पाणी प्यायचे. आणि हद्द म्हणजे न्हाणीघरातल्या जाड तळाच्या सपाता घालून, मान ताठ करून घरभर फिरायला लागले. मी म्हटलं, "बाबा, पाठ दुखतेय का?"

"नाही रे," ते हळूच म्हणाले. "मी तसा उंचच आहे. पोक काढून बसायची सवय लागली, एवढंच."

मला वाटलं, वय झालं की माणसाला असं काहीतरी होत असेल. खरं सांगायचं तर घरात शांतता होती म्हणून मी मनातून जरा खूशच होतो!

पेई-शान मात्र घाबरली. बाबांनी तिला बाजूला घेऊन विचारलं, "मी फार तापतो का गं?" तिनं ताबडतोब त्यांच्या तोंडात थर्मामीटर खुपसला. "ताप नाहीये, बाबा!" बाबा थर्मामीटर तोंडात धरून केविलवाणं बघत राहिले. पुढे काहीतरी बोलणार होते, एवढ्यात मी आत आलो आणि ते गप्प झाले.

शनिवार उजाडला. पेई-शान केस कापायला गेली. मी आदल्या दिवशीच खोकं आणून दुकानात लपवलं होतं, ते घेऊन आलो. काय तो कूलर! दोन मनोरे, मध्ये पंखा, पुढे पंखा! मी कॉम्प्युटर उघडला, जुना कूलर पिळून उपटला, मलम लावलं. हो, प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये एक राखाडी मलम लावावं लागतं. थोडं प्रोसेसरला लागलं, बाकीचं माझ्या नाकाला. स्क्रू आवळले, नवा बसवला, आणि कॅबिनेटचं झाकण लावायला गेलो.

झाकण लागेना!

दाबून पाहिलं. कॉम्प्युटर आडवा करून झाकणावर बसून पाहिलं. चुचकारलं, शिव्या दिल्या. कूलर बोटभर वर राहिला तो राहिलाच! आणि मी, बुबुळं मोजणारा मनुष्य, जमिनीवर फतकल मारून बसलो.

तेवढ्यात पेई-शानचा फोन. "वेन-चिन! बाबांना काय बोललास तू?"

"मी? कुठे काय!"

"आत्ता त्यांचा फोन आला होता. कुजबुजत होते! म्हणाले, मी च्यायी गावी आत्याकडे जातो, तुम्ही सुखात राहा, दुधी फ्रीजमध्ये आहे. आणि विचारत होते, नवा आला का? हा नवा कोण?"

"नवा आलाय गं, पण बसत नाहीये!"

"कोण बसत नाहीये?"

"कूलर! जुना तापत होता, आवाज करत होता, म्हणून मी शिया बाईंना फोन..."

बोलता बोलता माझे शब्द मलाच ऐकू आले. तापतो. आवाज. वय झालं. कचऱ्याची गाडी. डोळ्यांपुढे त्या जाड सपाता उभ्या राहिल्या.

"पेई-शान," मी म्हटलं, "मी गाढव आहे."

"ते माहितीय. बाबा कुठेत?"

मी जुना कूलर उचलला आणि तसाच जिन्यावरून धावत सुटलो. बाबा बसच्या थांब्यावर बाकाच्या कडेला बसले होते. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर बॅग. स्टेशनकडे जाणाऱ्या कितीतरी बस एव्हाना येऊन गेल्या असतील.

"ये," ते हळू आवाजात म्हणाले आणि जरा सरकले. "मी निघालोच होतो. पण एकाही ड्रायव्हरला धड ब्रेक मारता येत नाही. असल्या बसमध्ये कसं चढायचं?"

मला हसावं की रडावं कळेना. मी कूलर त्यांच्या नाकासमोर धरला. "बाबा, हा बघा! हा तापतो! हा आवाज करतो! ह्याला काढायचा होता! तुम्हाला नाही!"

बाबांनी ते धुळीनं माखलेलं धूड हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. "हा?"

"हाच!"

"कचऱ्याच्या गाडीत... हा जाणार होता?"

"हो हो!"

मग त्यांची छाती भात्यासारखी फुगली.

"मग नाव घेऊन बोलता येत नाही तुला, मूर्खा!"

अख्खा थांबा दचकला! एका आजीबाईंची छत्री आपोआप उघडली! आणि मी सांगतो, त्या आवाजाइतकं गोड मी आयुष्यात काही ऐकलेलं नाही.

"इकडे मी विचार करून करून अर्धा झालो," बाबा गरजत होते, "की हा दुसरा सासरा आणणार कुठून! तोही उंच!"

"बाबा, तुम्ही गेलात तर..." मला पुष्कळ काही बोलायचं होतं. पण तोंडातून भलतंच बाहेर पडलं. "तर मला सकाळी दूध कोण आणणार?"

ते रुमाल काढून माझ्या नाकावरचं मलम पुसायला लागले. ते मलम पुसल्यानं जात नाही, पसरतं. रस्ताभर लोक माझ्या राखाडी तोंडाकडे बघत होते, आणि बाबा एका हातात बॅग आणि एका हातात माझं मनगट धरून मला घरी नेत होते.

पेई-शाननं घरी येऊन शिवणाच्या टेपनं कॅबिनेट मोजलं आणि माप माझ्या हातात ठेवलं. एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं!

मी आणि बाबा खोकं घेऊन बाजारात गेलो. "बदलून द्या!" बाबांनी दारातूनच सांगितलं, तशी गल्लीतली गिऱ्हाइकं थांबली. "हा माझा जावई! लोकांना चष्मे लावतो, ह्याला स्वतःला दिसत नाही!"

शिया बाईंनी हसत हसत आमच्या मापात बसणारे बुटके कूलर मांडले. बाबा प्रत्येकाला कान लावत गेले. एका काळ्या, साध्यासुध्या कूलरपाशी थबकले.

"हा चालू करा ना!"

"चालूच आहे, आजोबा."

"मग हाच!"

घरी आल्यावर झाकण टकदिशी लागलं. कॉम्प्युटर सुरू झाला तरी कळलं नाही, इतका गप्प! पेई-शाननं दार लावून घेतलं आणि संपूर्ण गोष्ट एका दमात वाचली. आम्ही दोघं तेवढा वेळ स्वयंपाकघरात मुकाट शेवया खात बसलो होतो.

सोमवारी निर्मात्या बाईंचा फोन आला. घरघर साफ गेली, गोष्टी पेई-शानकडेच राहणार! बाबांनी आनंदानं अशी आरोळी ठोकली की फोनवरच्या बाई दोन वेळा "हॅलो, हॅलो" म्हणाल्या.

"फक्त एक," त्या पुढे म्हणाल्या. "आता इतकं स्वच्छ ऐकू येतंय ना, की मागे कुणीतरी सुर्रर्र करून शेवया ओढतंय, तेही ऐकू येतं. तेवढं बंद करता येईल?"

पेई-शाननं बाबांकडे पाहिलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

शेवयांच्या सुर्रर्रला कूलर मिळत नाही. मी शिया बाईंना विचारून पाहिलं.