कूलरसमोरची जागा

अकोल्यात घराचा मालक कोण, हे उन्हाळ्यात करपावतीवरून ठरत नाही. कूलरसमोर कोण बसतो यावरून ठरतं. खुशालरावांची ही मालकी यंदा गेली. लेकीला पोचवायला आलेले जावई किशोरराव कूलरसमोर टेकले, ते टेकलेच. आता जावयाला ऊठ म्हणायची सोय वऱ्हाडात नाही. खुशालराव भिंतीला पाठ लावून घाम पुसत आणि दिवसभर त्या जागेचा ध्यास घेत.

"काहून असे गुमसुम बसता जी?" पार्वताबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"मले त्या जागेचं येड लागून राहिलं."

"मंग अमरावतीले जा. तिथं येड्यायचं शिबिर हाये म्हन्ते."

शिबिर लेखनाचं होतं. विषय : 'आपल्या वेडातून सकस साहित्य'. संचालिका वर्षाली मॅडम आधी वेडाची छाननी करत. मोतीराम नावाच्या भल्या माणसाला कसलंच वेड निघेना, तेव्हा संस्थेनं त्याला चांदण्याचं वेड तात्पुरत्या स्वरूपात मंजूर केलं. खुशालरावांचं मात्र अस्सल ठरलं.

"जावयाला उठवू नका," मॅडम म्हणाल्या. "वेड शमलं की साहित्य संपलं. जागा परत मिळाल्याचं आढळल्यास आपला प्रवेश रद्द होईल."

झालं! खुशालरावांनी जीव ओतून लिहिलं. जावई गारव्यात घोरतो आणि सासरा भिंतीला वाळत जातो, अशी कथा. शिबिर ढसढसा रडलं. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि ते लेखकाच्या कर्मभूमीतच द्यायचं, असा ठराव झाला. भर मे महिन्यात शिबिराची अख्खी समिती अकोल्याला खुशालरावांच्या घरी आली आणि कूलरसमोर दाटीवाटीनं बसली. लेखकानं स्वयंपाकघराच्या दारातून कथा वाचली.

किशोररावांचे डोळे भरून आले. "मामाजी, असे बेशरम लोक असतेत बरं. आमचे भाऊजी अगदी असेच." एवढं बोलून त्यांनी पाय लांब केले.

खुशालराव आशेनं मॅडमकडे पाहू लागले.

"पुढच्या कथेची सोय झाली," म्हणत मॅडम कूलरकडे आणखी सरकल्या.

पुढं कथा छापून आली. वाचकांचे फोनावर फोन आले. "आमच्या घरीबी असा एक हाये," जो तो सांगे. प्रत्येकाच्या आवाजामागे कूलरची घरघर अगदी जवळून ऐकू येई.

तुम्हालाही तुमच्या घरातला कुणी आठवलाच असेल. आठवू द्या. पण आधी जरा बाजूला सरका बापा, तुमच्या मागं कोणीतरी केव्हाचं घाम पुसून राहिलं.