कुंभ्याची पाने वाचवणारा कोट

पावसात माणूस भिजतो, हा शोध मुंबईच्या मेघमित्र रेनकोट कंपनीला लागण्यापूर्वी मालवणकडच्या बाया निव्वळ अडाणीपणाने कोरड्या राहत असत. बांबूच्या सांगाड्यावर कुंभ्याची पाने बांधून केलेले इरले डोक्यावरून पाठीवर घ्यायचे आणि वाकून भात लावायचे, एवढेच त्यांना ठाऊक. त्यापायी जंगलाची पाने तुटतात, हे दुःख कंपनीला सोसवेना. (कोटाचे रबर ज्या जंगलातून येई, ते नकाशात फार लांब होते.) म्हणून साठ-एकसष्टच्या सुमारास तिने जाहीर केले : जुने इरले द्या, रेनकोट फुकट न्या. जमलेल्या इरल्यांची वनरक्षणार्थ होळी करण्यात येईल.

यशोदा सरळ बाई. चुलीवरच्या धुरात वर्षानुवर्षे पक्के झालेले आपले एकुलते इरले तिने नेऊन दिले. होळी छान पेटली. भाषणही झाले.

मग तिच्या लावणीचा दिवस आला. तरवा, म्हणजे भाताची रोपे, उपटून झाला होता; आज लागला नाही तर वर्षाचे भात गेले. कोट घालून यशोदा वाकली, तशी मानेकडून शिरलेली पावसाची धार थेट पोटापर्यंत पोचली. मदतीला आलेली शेजारीण गंगू मात्र इरल्याखाली खुशाल.

"गो गंगू, तुझा इरला जळाक नाय?"

"जळला ता कंपनीचा! कोटासाठी चार पाना लावन खोटा बांधलंय. तू खरा दिलंस? खुळी गो तू!"

सगळ्या गावाने तेच केले होते. काहींनी तर पाळण्यातल्या नातवंडांच्या नावेही. डोंगरावर कुंभ्याला औषधालाही पान उरले नव्हते. कंपनीच्या अहवालात मात्र प्रत्येक जळलेले इरले 'एक वाचलेले झाड' म्हणून नोंदले गेले.

त्याच दिवशी पाहणीला आलेल्या कंपनीच्या अधिकाऱ्यांनी यशोदेचे गाऱ्हाणे शांतपणे ऐकले.

"बाई, कोट उभ्या माणसासाठी आहे. लावणी उभ्याने करून पाहिलीत का?"

"आधी तुमी करून दाखवा, सायबानू. मगे मी करतंय."

साहेबांच्या पायात बूट होते.

यशोदेने विळ्याने कोटाच्या शिवणी उसवल्या, कुंपणातल्या बांबूच्या काठ्या वाकवून त्यांवर तो ताणून बांधला, आणि पाठीवर घेऊन चिखलात शिरली. दिवस मावळायच्या आत तरवा लागला. साहेबांनी बांधावरून फोटो काढला.

पुढच्या मोसमात तोच नमुना मुंबईच्या दुकानांत आला : 'निसर्गाशी जबाबदार नाते'. कारखान्यात सांगाडा जरा ताठ झाला होता. तो घालून कंबरेत वाकता येत नसे. पण त्याबद्दल आजवर एकाही गिऱ्हाइकाची तक्रार आलेली नाही. वाचकहो, तुम्हीही तो हौसेने घेतलाच असेल. तुम्हाला कुठे वाकायचे असते?